जुन्या स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर कसे बदलायचे

जुने स्पीकर घरात आले की पहिला सल्ला हमखास मिळतो, "कपॅसिटर बदलून टाक". सल्ला चुकीचा नाहीये पण अर्धवट आहे, कारण कुठला कपॅसिटर, कशाने बदलायचा आणि मुळात बिघडलाय तो तोच का हे कोणी सांगत नाही. मी बऱ्याच जोड्या उघडल्यात, काही सुधारल्या, एक-दोन चक्क बिघडवल्या आणि मग परत रुळावर आणल्या, त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, आपण स्पीकर "भारी" करायला बसलेलो नाही, तो नवा असताना जसा वाजायचा तसा परत वाजवायला बसलोय. एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

क्रॉसओव्हरचं काम सोपं आहे. अँप्लिफायर सगळं एकत्रच पाठवतो, त्यातले खालचे, जाड सूर मोठ्या वूफरला आणि वरचे, बारीक सूर छोट्या ट्वीटरला वाटून द्यायचे. कॉईल वरच्या फ्रिक्वेन्सी अडवते, कपॅसिटर खालच्या अडवतो. म्हणून वूफरच्या रस्त्यात कॉईल आणि ट्वीटरच्या रस्त्यात कपॅसिटर, बाकी सगळे प्रकार ह्याच्याच वरची सजावट. अगदी साध्या सर्किटमध्ये, म्हणजे ट्वीटरच्या आधी फक्त एक कपॅसिटर, क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी, म्हणजे ही वाटणी जिथे होते तो आकडा, काढायचं सूत्र असं, १ भागिले (२ × पाय × ओहम × फॅरड). ८ ओहमचा ट्वीटर आणि ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर उत्तर येतं साधारण ५००० हर्ट्झ. आता तोच कपॅसिटर म्हातारा होऊन ५ मायक्रोफॅरड झाला तर उत्तर ४००० हर्ट्झ. म्हणजे बिचाऱ्या ट्वीटरला जे काम कधी दिलंच नव्हतं ते पण करावं लागतंय, आवाज मोठा केला की तो चिरकायला लागतो आणि आपण म्हणतो ट्वीटर गेला. खऱ्या ट्वीटरचा इम्पीडन्स, म्हणजे एसीला होणारा त्याचा विरोध, सगळ्या फ्रिक्वेन्सींना ८ ओहम नसतो त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण दिशा हीच.

जुने कपॅसिटर नेहमी "कमी" होतात असं खूप जणांना वाटतं, तसं नाहीये. स्पीकरमधले बायपोलर इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे प्लस-मायनस नसलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, बऱ्याचदा मापात वाढलेले निघतात. वाढले तर ट्वीटर जास्त खाली उतरतो, कमी झाले तर मधला भाग पोकळ होतो.

दुसरा रोग जास्त लबाड आहे, तो म्हणजे ईएसआर, कपॅसिटरच्या पोटातला अंतर्गत रेझिस्टन्स. इलेक्ट्रोलिटिकमध्ये ओला इलेक्ट्रोलाइट असतो, तो वर्षानुवर्षं सुकत जातो आणि हा रेझिस्टन्स वाढत जातो. व्हॅल्यू छापल्याप्रमाणे बरोबर दिसेल, तरी ईएसआर २ ओहम झालेला असू शकतो, आणि ८ ओहमच्या ट्वीटरसमोर २ ओहम आडवे आले की आवाज जवळजवळ २ डीबीने (डेसिबलने) पडतो. २ डीबी ऐकायला छोटं वाटतं पण सगळ्या ट्वीटरचंच पडलं की स्पीकरवर गोधडी टाकल्यासारखं वाटतं. आणि हे इतकं हळूहळू होतं की रोज ऐकणाऱ्याला कळतच नाही, उलट "जुन्या स्पीकरचा आवाज कसा मऊ असतो बघ" असं कौतुक होतं :)

आता उघडायच्या आधी. ट्वीटरचा आवाज कमी आहे म्हणजे कपॅसिटरच गेला असं नसतं. जुन्या स्पीकरच्या मागे किंवा पुढे ट्वीटरची आणि मिडरेंजची, म्हणजे मधले सूर वाजवणाऱ्याची, लेव्हल कमीजास्त करायची घुंडी असते, तिच्या आतला ट्रॅक गंजतो. माझ्या पहिल्या जोडीत मी शनिवार-रविवार घालवून सगळे कपॅसिटर बदलले, स्क्रू लावले, लावून बघतो तर एक ट्वीटर अजून मुकाच, वैतागून घुंडी फिरवली तर खरखर करत आवाज आला. दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत होण्यासारखं होतं. म्हणून आधी घुंडी पन्नास वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, गाणं चालू ठेवून ऐका, खरखर येत असेल तर तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर लागणार. मग वूफरची कड बघा. फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा, भुगा झाला तर आधी फोम बदलायचं काम आहे, कपॅसिटर नंतर. कापडाची किंवा रबराची असेल तर बहुतेक ठीक असते. मग मल्टीमीटर ओहमवर ठेवून ड्रायव्हर, म्हणजे वूफर, मिडरेंज, ट्वीटर, एकेक मोजा, अर्थात एक वायर सोडवून. ८ ओहमचा ड्रायव्हर डीसीला साधारण ५.५ ते ७ दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर ड्रायव्हरच्या आतली कॉईल तुटलीये, मग कितीही महागडा कपॅसिटर लावा, तो ट्वीटर बोलणार नाही. सत्तरच्या दशकापासून पुढच्या काही ट्वीटरमध्ये फेरोफ्लुइड नावाचं, चुंबकाला धरून राहणारं तेल असतं, ते घट्ट झालं तरी ट्वीटर दबका वाजतो, हे पण लक्षात असू द्या.

उघडताना स्पीकर पाठीवर आडवा ठेवा, मऊ कापडावर. बहुतेक जुन्या पेट्यांमध्ये वूफर काढल्यावरच आतलं सगळं दिसतं. स्क्रू एकदम एकच पूर्ण काढू नका, सगळे थोडे थोडे सैल करा. स्क्रू ड्रायव्हर वूफरच्या कागदी शंकूपासून लांब धरा कारण मॅग्नेट तो खेचतो, आणि खेचला की थेट कागदाच्या आरपार जातो, मला माहितीये कसं वाटतं ते. वूफर वर्षानुवर्षं गॅस्केटला, म्हणजे कडेखालच्या हवाबंद पट्टीला, चिकटलेला असतो, पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने फिरवून सोडवा, लोखंडी पट्टीने उचकटलं तर लाकडाचा टवका उडतो. आत काचेचं लोकर असेल तर हातमोजे आणि मास्क घाला, ती दोन दिवस अंगाला टोचत राहते. बाहेर काढलेली लोकर नीट पिशवीत ठेवा आणि जितकी होती तितकीच परत घालायची, ती पण डिझाइनचा भाग आहे.

फोटो. खूप फोटो. आणि फक्त वरून नाही, बाजूने, खालून, प्रत्येक ड्रायव्हरच्या टर्मिनलचा वेगळा. त्याशिवाय कागदावर हाताने सर्किट काढा, कुठली वायर कुठल्या रंगाची आणि कुठे जाते. फोटो आहेत ना मग कागद कशाला असं मला पण वाटायचं, मग एकदा ट्वीटरच्या दोन वायरी उलट्या लागल्या, कारण फोटोत नेमका तोच कोपरा अंधारात होता. परिणाम असा की सगळं वाजत होतं, पण गाणाऱ्या माणसाचा आवाज खोलीच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून आल्यासारखा, कारण क्रॉसओव्हरच्या आसपास वूफर आणि ट्वीटर एकमेकांना कापत होते. आणि ह्याच्या उलट पण सांगतो, कधीकधी कंपनीनेच मिडरेंज किंवा ट्वीटर मुद्दाम उलटा जोडलेला असतो. १२ डीबी प्रति ऑक्टेव्हच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या दर दुपटीला १२ डीबी उतार असलेल्या, क्रॉसओव्हरमध्ये हे अगदी नेहमीचं आहे. "अरे इथे तर प्लस-मायनस उलटं आहे, चुकलंय वाटतं" असं म्हणून सुधारायला जाऊ नका. जेबीएल कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये तर लाल टर्मिनलला पॉझिटिव्ह दिलं की वूफरचा कागद बाहेर यायच्या ऐवजी आत जायचा, त्यांची पद्धतच तशी होती. जसं होतं तसं परत, बस.

आता आत काय दिसेल. गोल, छोट्या पिंपासारखे, प्लास्टिकच्या सालीत गुंडाळलेले आणि वर एनपी (नॉन-पोलर) किंवा बीपी (बायपोलर) लिहिलेले ते बायपोलर इलेक्ट्रोलिटिक. हेच आपले मुख्य गिऱ्हाईक. मायक्रोफॅरडच्या जागी एमएफडी लिहिलेलं असेल, तेच ते. चपटे किंवा पिवळ्या टेपमध्ये गुंडाळलेले, टोकाला राळ भरलेले असतात ते फिल्म कपॅसिटर, पॉलिएस्टर नाहीतर पॉलीप्रॉपिलीन. ह्यांच्यात सुकण्यासारखं काही नसतंच त्यामुळे ते सहसा बिघडत नाहीत. मोजा, बरोबर असतील तर हात लावू नका. पुठ्ठ्याच्या किंवा मेणाच्या ठोकळ्यासारखे दिसले तर ते जुने कागदाचे, त्यांची व्हॅल्यू हमखास सरकलेली असते. एकाच ठोकळ्यातून तीन-चार वायरी बाहेर येत असतील तर आत दोन-तीन कपॅसिटर एकत्र आहेत, प्रत्येक जोडी वेगळी मोजावी लागेल.

एक इशारा पत्र्याच्या सीलबंद डब्यातल्या तेलाच्या कपॅसिटरबद्दल. जुन्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं, अमेरिकेत त्याचं उत्पादन १९७९ मध्ये बंद झालं, म्हणून त्याआधीचा तेलाचा डबा दिसला की तो संशयितच धरायचा. असा डबा ओलसर, चिकट दिसला तर उघड्या हाताने धरू नका, कापून आत बघायची हौस तर अजिबात नको, आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका. घातक कचरा घेणाऱ्या ठिकाणीच द्यायचा. गळत नसेल आणि माप बरोबर असेल तर तो तिथेच राहू दे.

आता मोजणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. सर्किटमध्ये असताना मोजू नका, कॉईल आणि ड्रायव्हर समांतर येतात आणि मीटर काहीबाही दाखवतो. एक पाय सोल्डरमधून सोडवा आणि मग मोजा. साध्या मल्टीमीटरवर कपॅसिटन्स दिसतो पण दोन भानगडी आहेत, एक तर ईएसआर दिसत नाही आणि दुसरं म्हणजे गळका कपॅसिटर त्याच्यावर आहे त्यापेक्षा मोठा दिसू शकतो. एलसीआर मीटर, म्हणजे कॉईल, कपॅसिटर आणि रेझिस्टर मोजणारा मीटर, मिळाला, मागून आणला, कोणाचा दोन दिवसांसाठी घेतला तर उत्तम. १ किलोहर्ट्झवर ठेवा, व्हॅल्यू लिहा आणि डी नावाचा, कपॅसिटरमधला तोटा दाखवणारा आकडा लिहा. डीला कपॅसिटरच्या त्या फ्रिक्वेन्सीवरच्या एसी-विरोधाने म्हणजे रिअॅक्टन्सने गुणलं की ईएसआर मिळतो. उदाहरण घ्या, १० मायक्रोफॅरडचा १ किलोहर्ट्झला रिअॅक्टन्स जवळपास १६ ओहम, डी ०.०५ असेल तर ईएसआर ०.८ ओहम. चांगल्या नव्या बायपोलरचा डी ह्याच्या आतच असतो, फिल्मचा त्याहून खूपच कमी. जुन्याचा ०.१५ किंवा ०.२ आला की समजायचं त्याचे दिवस भरले, व्हॅल्यू कितीही छान असो.

दोन्ही स्पीकरचे आकडे शेजारी शेजारी लिहा. डावा ८.९, उजवा ७.७ आणि छापलंय ८, असं दिसलं की तुम्हाला कळेल आवाज एका बाजूला का ओढला जात होता ते. मला वाटतं डाव्या-उजव्यातला फरक हा छापील आकड्यापासूनच्या फरकापेक्षा जास्त त्रास देतो. मूळ कपॅसिटरवर बहुतेक वेळा अधिक-उणे १० टक्के लिहिलेलं असायचं, म्हणजे नवे असतानाही ते काही अचूक नव्हतेच.

मग घ्यायचं काय? ह्यावर लोक भांडतात, आणि भांडण पैशांचं कमी, श्रद्धेचं जास्त असतं. माझं मत सांगतो. ट्वीटरच्या सिरीजमध्ये, म्हणजे त्याच्या आधी एका रांगेत, पॉलीप्रॉपिलीन फिल्म लावा, साधा, चांगल्या कंपनीचा. तो परत कधी सुकणार नाही, परत पेटी उघडायला लागणार नाही, हे एवढं कारण पुरे आहे. मुंडॉर्फ, सोलेन, जँट्झेन ह्यांच्या साध्या मालिकेतले पण काम चोख करतात, चांदी-सोनं-तेल वगैरे भरलेल्या वरच्या मालिका ज्याला हौस आहे त्याने घ्याव्यात, मला स्वतःला डोळे झाकून फरक ओळखता आलेला नाही. वूफरच्या बाजूला, जिथे कपॅसिटर आडवा म्हणजे प्लसवरून मायनसला जोडलेला असतो आणि व्हॅल्यू ५०, ८०, १०० अशी मोठी असते, तिथे नवा चांगला बायपोलर इलेक्ट्रोलिटिकच लावा. तेवढ्या व्हॅल्यूचा फिल्म मनगटाएवढा होतो, बसवायला जागा नसते. अकूस्टिक रिसर्च कंपनीचा १९६७ सालचा एआर-३ए घ्या, त्यात १५०, ५० आणि ६ मायक्रोफॅरड आहेत, ६ च्या जागी फिल्म सहज बसतो, पण १५० ला फिल्म लावायचा तर वेगळी पेटी करावी लागेल. दुसरीकडे जेबीएल एल-१०० मध्ये वूफरला फिल्टरच नाही, तो थेट जोडलेला, मिडरेंजला एक ८ चा आणि ट्वीटरला एक ३ चा, संपला क्रॉसओव्हर. अशा स्पीकरवर हात बसवायला सुरुवात करावी.

फिल्म लावल्यावर काहींना आवाज टोचायला लागतो आणि मग ते कपॅसिटरला शिव्या घालतात. ह्याचं कारण साधं आहे. मूळ डिझाइन इलेक्ट्रोलिटिक धरून केलं होतं, त्याचा नवा असतानाचा अर्धा-पाऊण ओहम ईएसआर हिशोबात होता, फिल्ममध्ये तो जवळजवळ शून्य, त्यामुळे ट्वीटर अर्धा डीबी वर येतो. उपाय पण साधा, फिल्मच्या सिरीजमध्ये ०.५ ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर टाका. मी आधी रेझिस्टर न टाकता लावतो, आठवडाभर ऐकतो, जास्त वाटलं तर टाकतो. आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा तो कपॅसिटरचा दोष नसतोच, कान दहा वर्षं गोधडीखालच्या आवाजाला सरावलेले असतात.

बाजारातल्या पॉवर सप्लायमधले प्लस-मायनसवाले इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाहीत. स्पीकरमध्ये एसी जातो, अर्ध्या वेळा त्यांच्यावर उलटं व्होल्टेज पडणार. अगदीच अडलं तर सारख्या व्हॅल्यूचे दोन घेऊन मायनसला मायनस जोडायचे, मग एकूण व्हॅल्यू निम्मी होते, म्हणजे १० हवे तर २० चे दोन. तात्पुरतं ठीक, कायमचं नको. बायपोलर आणि फिल्मला दिशा नसते, कसेही लावा.

व्होल्टेजचं लोक उगाच टेन्शन घेतात. ८ ओहमला १०० वॅट म्हणजे २८ व्होल्ट आरएमएस (सरासरीसारखं माप), पीक म्हणजे टोकाला ४०. म्हणून १०० व्होल्टचा बायपोलर घरात आरामात पुरतो, फिल्म तर सहसा २५० किंवा ४०० व्होल्टचे येतात. छापलंय त्यापेक्षा जास्त चालतं, कमी नको.

व्हॅल्यू मात्र छापलेलीच हवी, जुन्याचं मोजलेलं माप नव्हे, ते तर सरकलेलं आहे. नेमकी मिळाली नाही तर समांतर जोडा, बेरीज होते. ८ हवेत तर ६.८ आणि १.२. १२ हवेत तर १० आणि २.२, होतात १२.२, काही बिघडत नाही. ७२ सारखा विचित्र आकडा आला तर ६८ आणि ३.९. तीन-चार टक्क्यांच्या आत आलात की थांबा. त्यापेक्षा डावा-उजवा एकमेकांशी जुळवा, चार घेतले तर मोजून जवळचे दोन-दोन जोडीला लावा. जुन्यावरचं छापील पुसलं गेलं असेल तर दुसऱ्या पेटीतला बघा, तिथेही नसेल तर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा, अंदाजाने टाकू नका. आणि दोन्ही पेट्यांमध्ये वेगवेगळे आकडे दिसले तर थबका, तुमच्या आधी कोणीतरी हात घातलाय.

सोल्डरिंग. ४० ते ६० वॅटचा आयर्न, टोक जरा रुंद, कारण जुनी टर्मिनलं जाड असतात आणि उष्णता पिऊन टाकतात, बारीक टोकाने अर्धा मिनिट रेटत बसलात तर सोल्डर वितळत नाही आणि प्लास्टिक वितळतं. ६०/४० किंवा ६३/३७ चं कथील-शिशाचं, रोझिन फ्लक्स असलेलं सोल्डर, पाइपवाल्यांचं ॲसिडवालं फ्लक्स चुकूनही नको, ते तांबं खात राहतं. जुनं सोल्डर पंपाने किंवा तांब्याच्या जाळीने ओढून घ्या. ते निघत नसेल तर त्यावर थोडं नवं सोल्डर लावा, लगेच सुटतं, हे उलटं वाटतं पण खरं आहे. एका वेळी एकच कपॅसिटर. काढला, त्याच जागी नवा लावला, मग पुढचा. सगळे एकदम कापून टेबलावर ढीग केलात तर रात्री अकरा वाजता त्या ढिगाकडे बघत बसाल. जुन्याचा पाय मुळातून कापू नका, थोडा ठेवा, काही गडबड झाली तर परत जोडता येतो. टर्मिनलवर आधी पाय वाकवून अडकवा मग सोल्डर करा, नुसत्या सोल्डरच्या जोरावर लटकवलेला जोड वूफरच्या हादऱ्यांनी सुटतो. जोड चकचकीत आणि पसरलेला हवा, फुगीर करडा गोळा दिसला तर परत गरम करा. वायर आत वळवळत असतानाच फुंकर मारू नका, आपोआप गार होऊ दे. खिडकी उघडी ठेवा, सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून नंतर हात धुवा.

कॉईलला हात लावायचा नाही. तिच्या तारेचा रेझिस्टन्स पण डिझाइनमध्ये धरलेला असतो, जाड तारेची "चांगली" कॉईल लावली की वूफरचं गणित बदलतं. दोन कॉईल एकमेकींना काटकोनात लावलेल्या दिसतील, त्या दिसायला नाही, एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत जाऊ नये म्हणून तशा आहेत, तेव्हा जागेसाठी त्या सरकवू नका. पांढरे सिमेंटचे रेझिस्टर मोजा, छापील आकड्याच्या दहा टक्क्यांत असतील तर राहू देत.

नवे फिल्म कपॅसिटर जुन्यापेक्षा मोठे असतात आणि बोर्डवर मावत नाहीत. आडवे, थोडे उंचावर, कुठेही बसवा पण घट्ट बसवा. प्लास्टिकचे टाय आणि गरम गोंद दोन्ही वापरा, एकट्या गोंदावर विश्वास नको, तो वर्षांनी सुटतो आणि मग पेटीत काहीतरी खडखडतंय म्हणून सगळं परत उघडावं लागतं. सिलिकॉन लावायचं तर ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, त्यातून ॲसिड निघतं आणि तारा हिरव्या होतात, न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

लेव्हलच्या घुंड्या आता उघड्याच आहेत तर साफ करून घ्या. क्लीनर मारा, फिरवा, परत मारा. ट्रॅक खूपच खाल्लेला असेल तर नवा एल-पॅड, म्हणजे लेव्हल कमी करूनही एकूण ओहम तेवढेच ठेवणारी घुंडी, बसवता येतो, पण ओहम आणि जोडणी जुन्यासारखी आहे का ते बघून, काही जुन्या घुंड्या एल-पॅड नसतातच, साधे रिओस्टॅट, म्हणजे नुसते बदलते रेझिस्टर, असतात.

बंद करायच्या आधी दोन तपासण्या. सगळे ड्रायव्हर सोडवलेले असताना मीटर ओहमवर ठेवून इनपुटच्या प्लसपासून ट्वीटरच्या प्लस वायरपर्यंत मोजा, क्षणभर काहीतरी हलून शेवटी उघडं दाखवायला हवं, कारण मध्ये कपॅसिटर आहे. थेट जोडलेलं दाखवलं तर कुठेतरी चुकलंय आणि पहिल्याच गाण्याला ट्वीटर जाईल. मग सगळं जोडून इनपुटच्या दोन टर्मिनलमध्ये मोजा, ८ ओहमच्या स्पीकरला पाच-सात ओहम यायला हवेत. शून्य आलं तर शॉर्ट आहे, अँप्लिफायरला लावू नका. वूफर जोडताना वायर बरोबर लागली का ह्याची शंका असेल तर १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा आणि कागद कुठल्या बाजूला हलतो ते दोन्ही पेट्यांत सारखं आहे का बघा. ट्वीटरवर सेल टेकवायचा नाही.

पहिल्यांदा अगदी हळू आवाजात लावा. प्रत्येक ड्रायव्हरजवळ कान न्या, तिघं बोलतायत का बघा. इथे एक युक्ती, दोन्ही पेट्या एकदम करू नका. एक पूर्ण करा, मग दोन्ही शेजारी ठेवून मोनोमध्ये एकच गाणं लावा आणि बॅलन्सची घुंडी डावीकडून उजवीकडे फिरवा. झांजा, टाळ, तंबोऱ्याची तार, असं काहीतरी ज्यात वरचे सूर भरपूर आहेत ते घ्या. काय बदललं हे इतकं स्वच्छ परत कधीच ऐकायला मिळणार नाही. मायक्रोफोन असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरून दोघांचे आलेख एकमेकांवर टाका, माईक अजिबात न हलवता. फरक फक्त वरच्या बाजूला आणि एक-दोन डीबीचा दिसला तर काम झालं. मध्येच क्रॉसओव्हरच्या जागी खोल खड्डा दिसला तर वायर उलटी. फरक काहीच दिसला नाही तर जुने कपॅसिटर चांगलेच होते, असं पण होतं, आणि मोजून मग कामाला लागला असाल तर ते तुम्हाला आधीच माहीत असेल. नवे कपॅसिटर शंभर तास वाजवल्याशिवाय "उघडत" नाहीत असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या, तेवढ्या तासांत उघडतात ते आपले कान.

शेवटी गॅस्केट. ज्या पेट्या बंद असतात, १९५४ च्या एआर-१ पासून चालत आलेली अकूस्टिक सस्पेन्शनची पद्धत, त्यात आतली हवा हीच वूफरची स्प्रिंग असते, थोडीशी गळती झाली तरी बास ढिला पडतो. जुनं गॅस्केट फाटलं असेल तर बंद पेशींच्या फोमची पट्टी लावा. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, जुन्या चिपबोर्डमध्ये जोर केला तर भोक मोठं होतं. लावून झाल्यावर वूफरचा कागद चारी बोटांनी सारखा, हलकेच आत ढकला आणि सोडा. हळूहळू परत आला तर पेटी बंद आहे, टणकन उडी मारून आला तर कुठून तरी हवा जातेय. मागे भोक किंवा नळी असलेल्या पेटीला ही परीक्षा लागू नाही.

आणि वूफर परत बसवायच्या आधी पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख, कुठली व्हॅल्यू, कशाने बदलली आणि ०.५ ओहमचा रेझिस्टर टाकला असेल तर तो कुठे, हे लिहून ठेवा. काढलेले जुने कपॅसिटर, तेलाचे सोडून, पिशवीत घालून वर मॉडेलचं नाव टाकून ठेवा. मग दुसरी पेटी घ्या.